पेज गाळायची वेळ

फोन भासऱ्यांचा होता. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यासमोर पदर घेते, त्यांच्याशी सरळ बोलत नाही, आणि भासरा तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांचा मला कधी फोन आला नव्हता. मी पवनीला माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग ते म्हणाले, "मंदा, तुही मोठी बाई गेली... सकाळी आंगनात पडली, उठलीच नाई." मी विचारलं, "काय करून राहिल्या होत्या?" "मोट धुवून राहिली होती," म्हणाले, मोट म्हणजे मटकी, आणि फोन ठेवला.

त्याला आता काही आठवडे झाले. सासरी, कोंढ्याच्या त्या अंगणात सगळं गाव बसलं होतं आणि जो तो म्हणत होता, शेवंताबाई फार मायाळू, गाईसारखी गरीब. मी ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी जन्मभर मोठ्या बाई म्हणत आले, मायाळू नव्हत्या. त्यांचा हात चालायचा. माणसावर, जनावरावर, ज्यानं आगळीक केली त्याच्यावर. एकदा शेजारच्या बकरीनं त्यांच्या टोपलीतली मोड आलेली मोट खाल्ली, तर बसल्या जागेवरून त्यांनी हाताला लागेल तो दगड भिरकावला आणि बकरीचा पाय मोडला. दोन्ही घरांचं भांडण मिटेपर्यंत त्या बकरीचं मटण शिजलंही होतं, आणि त्यातला आपला वाटा मोठ्या बाईंनी हक्कानं मागून आणला. मेलेल्या माणसाला धुऊन, इस्त्री करून ठेवायची आपल्याला फार हौस. मला ते जमायचं नाही. मला त्या होत्या तशाच हव्या आहेत.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मोठ्या बाईंना येऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तलावाच्या पाळीला लागून धानाची शेती, घरात सासू, दोन भाऊ, दोन सुना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मोट बांधायला शिकवलं. सकाळी निवडून भिजत घालायची, संध्याकाळी पाणी काढून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची, पोटली बांबूच्या टोपलीत, टोपली मडक्याच्या तोंडावर, म्हणजे राहिलेलं पाणी खाली निथळतं. पोटलीवर ताटली आणि ताटलीवर दगड. तो दगड वैनगंगेतला, काळा, चपटा, मुठीत मावणारा पण मनगटाला जाणवणारा. लग्नाच्या पहिल्या वर्षी पवनीच्या घाटावरून त्यांनी तो ओच्यात घालून आणला होता. मोकळी ठेवली तर मोड केसासारखे बारीक आणि लांब येतात, भार ठेवला की आखूड आणि जाड येतात, हे त्यांनीच मला दाखवलं. "दाबल्याबिगर जोर येत नाई, मंदा," म्हणायच्या. मोटीचं ठीक आहे, पण माणसांच्या बाबतीत मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. दाबलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यातली बहुतेक नुसतीच दबून गेली.

पण मोठ्या बाईंनी बांधलेली मोट नासायची. रोज नाही. एरवी बरी यायची, पण घरी पाहुणे यायचे असले, सण असला, काही कार्य असलं की हटकून घात व्हायचा. पोटली सोडली की आंबूस भपकारा नाकात शिरायचा, दाणे बुळबुळीत, फुगून फुटलेले, मोडाचा पत्ता नाही. पाहुण्यांसमोर सासू ते फडकं चिमटीत धरून अंगणात फेकायची आणि कोंबड्यांना हाका मारत म्हणायची, "हिच्या हातालेच मोड नाई. जशी कूस, तसा हात." हे गावभर झालं होतं. पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी धान पेरायच्या दिवशी धानाच्या बियाण्याला मोठ्या बाईंनी हात लावू नये म्हणून त्यांना मुद्दाम दूरच्या कामाला धाडत. कुणाच्या परसात वाल लावायचा असला तर त्या दिसताच बायका बी पदराखाली लपवत. आणि सगळ्यांत वाईट हे की त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. चुलीजवळ बसून आपले तळवे उलटसुलट करून बघताना मी त्यांना पाहिलंय. ते आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासून साफ सांगितलं होतं की बाईत काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन या. नवरा दवाखान्याबाहेर चहा पीत उभा होता. मोठ्या बाईंनी बाहेर येऊन निरोप सांगितला, तर भासऱ्यांनी तिथंच, चारचौघांत, त्यांच्या कानाखाली ठेवून दिली. त्या कानानं पुढं त्यांना नीट ऐकू आलं नाही. तपासायला भासरे शेवटपर्यंत गेले नाहीत. उलट घरात दुसरं लग्न करायची बोलणी सुरू झाली. बपेऱ्याकडची एक गरिबाघरची मुलगी सासूनं पाहूनही ठेवली होती.

त्यातच मला दिवस गेले. आमच्या घरची एक चाल आहे. बाळाच्या पाचवीला मोड आलेल्या मोटीच्या घुगऱ्या शिजवून गल्लीत वाटायच्या, आणि ती मोट घरातल्या थोरल्या सुनेनंच बांधायची. मोड जोमदार आले तर लेकरू जोमदार, असा समज. सासूनं आधीच जाहीर केलं, की वांझेच्या हातची मोट माझ्या नातवंडाच्या पाचवीला चालणार नाही. मोठ्या बाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "थोरली सून मी हाओ. मीच बांधीन. मोड नाई आले त त्या बपेऱ्यावाल्या पोरीले मी सोता आनीन, माह्या हातानं तिले दार उघडीन." सासू म्हणाली, ठरलं. भासरे ओसरीवर बसून सगळं ऐकत होते.

मी आठव्या महिन्यात होते तेव्हाची गोष्ट. तीजेच्या सणाला पाहुणे आले होते आणि मोट पुन्हा नासली होती. मोठ्या बाईंनी ते फडकं धुतलं नाही, रागानं तसंच कुंपणावर टाकून दिलं. दुपारी उन्हात ते वाळून कडक झालं. शेजारी भासऱ्यांचं धोतर वाळत होतं. आमच्याकडे घरोघरी भात शिजवून पेज, म्हणजे वरचं पाणी, गाळतात, आणि भासऱ्यांना कडक धोतर लागायचं, म्हणून ते पेजेत बुडवून वाळवायची रीत होती. मोठ्या बाई कपडे काढायला गेल्या आणि तिथंच थांबल्या. एका हातात धोतर, एका हातात फडकं. दोन्ही चुरगाळून बघितली. फडकं नाकाशी नेलं, मग त्याचा कोपरा जिभेला लावला... मी पाटावर बसून भाजी चिरत होते. त्यांचा चेहरा काळवंडत गेलेला मी पाहिला. पोटलीवर कुणीतरी उकळती पेज ओतत होतं. इतकी वर्षं. दाणे मोड यायच्या आधीच भाजून मरत होते, आणि बोल त्यांच्या हाताला लागत होता.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, "बुढीचं काम हाये हे. सापडू दे मले." बुढी म्हणजे सासू. मलाही दुसऱ्या कुणाचा संशय आला नाही.

माझी वंदना जन्मली. मोठ्या बाईंनी मोट भिजवली, बांधली, आणि टोपली थेट माझ्या बाळंतिणीच्या खोलीत आणून ठेवली. खोलीत ऊब होती, अंधार होता, आणि तिथं पुरुषमाणूस येणारच नव्हता. म्हणजे आलीच तर सासू येईल. पेज गरम असते ती भात गाळल्या गाळल्याच, म्हणून दुपारचा भात चुलीवरून उतरायच्या सुमारास मोठ्या बाई खोलीतल्याच धानाच्या कोठीमागं जाऊन बसायच्या. मी खाटेवर लेकराला घेऊन पडलेली असायचे. पाचवी उद्यावर आली होती. सासू तलावावर धुणं घेऊन गेली होती, निघताना तीच भात गाळून गेली होती. दाराचा पडदा हलला आणि आत आले ते भासरे, दोन्ही हातांत पेजेनं भरलेला गंज, म्हणजे पातेलं, धरून, वाफ तोंडावर घेत.

सवयीचा गुलाम म्हणतात तो असा. घरात आग लागली असती तरी मी आधी पदर ओढला असता. मी पदर ओढला, आणि पुढचं सगळं मी विरलेल्या लुगड्याआडून पाहिलं. भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दगड खाली ठेवला, ताटली बाजूला केली आणि गंज कलता केला. कोठीमागून मोठ्या बाई उठल्या. "तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता अजून, नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलाला असतं तसं. मग त्यांनी खालचा दगड उचलला आणि भासऱ्यांच्या मनगटावर घातला. गंज उलटला. अर्धी पेज पोटलीवर, अर्धी मोठ्या बाईंच्या हातावर. बांगड्यांखालची कातडी तिथल्या तिथं सोलून निघाली, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. भासरे ओरडत खाली बसले, त्यांचा हात जमिनीला टेकला, आणि मोठ्या बाईंनी दुसऱ्यांदा मारलं, या वेळी नेम धरून, बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वाळकी काडी मोडावी तसा, फारसा मोठा नाही. "माह्या हाताले बोल लावला तू," त्या म्हणत होत्या, "माह्या हाताले!" नवऱ्याला त्या जन्मात पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी त्याला दुसरं काही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दगड डोक्यावर उगारला होता. तेव्हा मी ओरडले, की लेकराच्या अंगावर शिंतोडे उडून राहिले, आणि त्या थांबल्या. लेकराच्या अंगावर काही उडालं नव्हतं. मी ओरडले नसते तर ते डोकं फुटलं असतं, ह्यात मला तिळमात्र शंका नाही.

सासू आली तेव्हा अंगणात माणसं गोळा झाली होती. तिनं उलटा पडलेला गंज पाहिला, पोटली पाहिली, लेकाची सुजलेली बोटं पाहिली. ती हेकट होती, तोंडाळ होती, पण लबाड नव्हती. तिनं आयुष्यभर जे बोललं ते खरं मानून बोललं होतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "बाजी... तूच होय रे?" भासऱ्यांनी सुजलेला हात धोतरात लपवला. मग त्या म्हातारीनं पोटली उचलली, विहिरीचं गार पाणी ओतून ओतून धुतली, वरचे भाजलेले दाणे बोटांनी निपटून काढले आणि खालचे पुन्हा बांधले. बांधताना थांबली. फडक्याची टोकं तिनं मोठ्या बाईंच्या पुढ्यात धरली. भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, तरी ती गाठ मोठ्या बाईंनीच मारली, एक टोक दातात धरून.

पाचवीला मोड आले. थोडेच होते, पण तुकतुकीत, पांढरे, जाड. गल्लीत प्रत्येकीला दोन-दोन दाणे आले असतील. सासूनं स्वतः फिरून वाटले आणि प्रत्येक दारात मोठ्यानं सांगितलं की हे थोरलीच्या हातचे आहेत. बपेऱ्याला नकाराचा निरोप गेला. मोठ्या बाईंना मूल झालं नाहीच, पण पुढल्या खेपेला पऱ्ह्याचं पोतं पहिल्यांदा त्यांनीच सोडलं.

मी त्यांना विचारलं होतं, असल्या माणसाबरोबर राहता कशाला? माहेर होतं, भाऊ होते. त्या माझ्यावरच उखडल्या. "मी जाऊ कायले? घर माह्यं हाये. लाज वाटत असन त त्यानं जावं." भासऱ्यांना लाज वाटली असेल, पण ते गेले नाहीत. त्यांची दोन बोटं वाकडीच जुळली. कुणी विचारलं की सांगायचे, पंपाच्या पट्ट्यात गेली. मोठ्या बाई घरात कुठंही असल्या तरी हे त्या अधू कानाला बरोबर ऐकू जायचं, आणि आतून आवाज यायचा, "पट्टा नोहे, म्या मोडली!" पाहुणा चहा अर्धा टाकून उठायचा. त्यांनी नवऱ्याला दोन्ही वेळा जेवायला वाढलं, तापात पाय चेपले, पण मोटीची उसळ त्या माणसाच्या ताटात पुन्हा कधी पडली नाही. सगळ्यांना वाढून भांडं पालथं घालायच्या. मला वाटायचं, एखाद दिवशी विसरतील. नाही विसरल्या.

आणि रोज भात उतरला की हातातलं काम टाकून त्या मोटीच्या टोपलीशी जाऊन बसायच्या, दगड मांडीवर घेऊन. पेज गाळून, गार होऊन, गोऱ्ह्याच्या घमेल्यात जाईपर्यंत उठायच्या नाहीत. नवीन माणसाला वाटायचं, बाईला मोटीची काय ती माया!

मलाही त्यांनी मारलंय. वंदना रांगायला लागली होती. माझ्या नवऱ्यानं कशावरून तरी मला थोबाडीत दिली आणि मी चूलखणाशी मुसमुसत बसले. मोठ्या बाई आल्या, आपल्या दिराच्या मुस्काटात दोन मारल्या, आणि वळून तिसरी मला. मी म्हटलं, मला काहून? "तू चूप काहून बसली?" गाल दिवसभर झणझणत होता. त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मार खाल्लेल्या बाईला आणखी मारणं ही कुठली रीत? पण माझ्या नवऱ्यानं पुन्हा हात उचलला नाही, आणि आम्ही पवनीला बिऱ्हाड केलं तेव्हा त्यांनी मला निरोपाचं म्हणून काय द्यावं, तर घाटावर जाऊन एक दगड निवडून दिला. "मोटीवर ठेवाले," म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्याकडे बघून हसल्या.

मागच्या आठवड्यात मी कोंढ्याला गेले. तेरवी झाली, माणसं पांगली, घरात भासरे एकटेच. चुलीवर भात रटरटत होता. मी पदर घेऊन दाराशी उभी राहिले, तर त्यांनी माझ्यापुढे एक वाटी सरकवली. भिजवलेली मोट होती. शेजारी धोतराचं फडकं. "तिच्या नावानं गल्लीत घुगऱ्या वाटाव्या म्हनलं," ते म्हणाले, "मले गाठ बसत नाई." आणि ती दोन वाकडी बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पंपाचं नाव काढलं नाही. म्हातारे झालेत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसतही नव्हते. मला दया आली का? आली. खोटं कशाला बोलू... पण दयेबरोबर दुसरंही काही वर आलं, आणि ते जास्त जोरात आलं.

मी मोट निथळवली, फडक्यात बांधली, टोक दातात धरून गाठ आवळली. टोपली मडक्यावर, ताटली, दगड. तोच दगड, एका कडेला टवका गेलेला. तेवढ्यात भात उतू जाऊ लागला. भासरे उठले, गंजावर झाकण धरून पेज गाळायला वळले, आणि माझा हात आपोआप पुढं झाला. मी दगड उचलला आणि मांडीवर घेऊन टोपलीशी बसले. पदर डोक्यावरून खाली सरकला होता, तो मी वर घेतला नाही.

त्यांनी वळून पाहिलं. वाफाळता गंज हातात, मधे चार हातांचं अंतर. मग गंज घेऊन अंगण ओलांडून पार गोठ्यामागं गेले आणि तिथं पेज ओतून परत आले. ते खाली बसल्यावरच मी दगड परत पोटलीवर ठेवला.